नाटकातलं 'खरं' आणि 'खोटं' : वास्तववादी आणि शैलीबद्ध नाट्यशैली



आपल्या सिंधुदुर्गातली मुलं लहानपणापासून जत्रेत दशावतार बघतात. तीच मुलं आठवी-नववीत गेली, मोबाईलवर मालिका बघू लागली, की म्हणतात, "सर, ह्यां खरां वाटणां नाय!" रंगवलेले चेहरे, पुरुषानं नेसलेली साडी, तलवारी घेऊन गोल फिरत केलेलं युद्ध... मुलांच्या मनात हळूच एक समीकरण बसतं : खरं दिसतं ते चांगलं नाटक, बाकीचं गावठी. हे वेळीच सोडवलं नाही, तर आपल्याच गावची कला आपल्याच मुलांना कमीपणाची वाटू लागते. म्हणून हा पाठ.

१. वास्तववादी शैली म्हणजे काय?

घरात माणसं जशी बोलतात, बसतात, गप्प राहतात, तसंच रंगमंचावर दाखवणं. समोरची चौथी भिंत फक्त प्रेक्षकांसाठी काढली आहे, असं मानायचं. पात्रांना मात्र प्रेक्षक दिसत नाहीत. युरोपात ही शैली १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' १८७९चं. मराठीत 'नाट्यमन्वंतर' संस्थेनं १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' करून ती वाट धरली. आपल्या जवळचं उदाहरण हवं, तर आरवलीच्या जयवंत दळवींचं 'संध्याछाया' घ्या. मुलं दूर गेलेलं एक म्हातारं जोडपं, त्यांचं घर आणि त्यांचं वाट बघणं. मोठी घटना क्वचितच घडते, पण साध्या बोलण्यातून एकटेपणा कळत जातो.

२. शैलीबद्ध (अवास्तववादी) शैली म्हणजे काय?

इथे "हे नाटक आहे" हे कोणी लपवत नाही. दशावतारच बघा. एक बाक असतो. राजा बसला की ते सिंहासन, कथेत गरज पडली की तोच डोंगर. हार्मोनियम, मृदंग आणि झांज वाजवणारे समोरच बसलेले दिसतात. काळा संकासुर मालवणीत बोलून लोकांना हसवतो. आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते आणि नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतात. हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यासाठी पुराणं माहीत हवीत आणि समोरच्याचं वाक्य झेलायची तयारीही हवी.

ही शैली फक्त जत्रेपुरती नाही. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) नटांच्या रांगेचीच भिंत होते. कुडाळ-वेंगुर्ल्याच्या मातीतल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत आणलं. प्रेक्षकानं कथेत वाहून न जाता विचार करावा, हा ब्रेख्तचा आग्रह होता.

आणि हा भेद आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात 'लोकधर्मी' आणि 'नाट्यधर्मी' असे शब्द आहेत : एक लोकव्यवहाराजवळचा, दुसरा संकेतांवर चालणारा.

३. फरक थोडक्यात

- जागा : वास्तववादी नाटकात खोली खोलीच असते, शैलीबद्ध नाटकात नट सांगेल ती जागा.
- बोलणं : एकीकडे रोजचं, अर्धवट सोडलेलं, दुसरीकडे लय, गाणं, स्वगत.
- प्रेक्षक : एकीकडे चोरून बघणारा, दुसरीकडे नाटकातला भागीदार.

४. वर्गात करून बघा

प्रसंग एकच द्या : वारा सुटलाय, बाबांची होडी अजून परतलेली नाही.

*गट पहिला (वास्तववादी) :* फक्त स्वयंपाकघर. आई भात वाढते, पण जेवत नाही. आजी पुन्हा पुन्हा दाराशी जाते. "वादळ" हा शब्द कुणी उच्चारायचा नाही.

*गट दुसरा (शैलीबद्ध) :* आठ मुलं म्हणजे समुद्र. दोन मुलं म्हणजे होडी. एक सूत्रधार. ताटाचा आवाज म्हणजे वीज. बाकी सामान काही नाही.

नंतर विचारा : भीती कुठे जास्त वाटली? समुद्र कुठे दिसला? मुलांच्या लक्षात येईल, की पहिल्या गटात समुद्र दिसलाच नाही, तो आजीच्या चेहऱ्यावर होता. दुसऱ्यात तो अंगावर आला. भीती दोन्हीकडे खरीच होती, फक्त दाखवण्याची रीत वेगळी.

५. गुण देताना

वास्तववादी प्रवेशात हातवारे मोठे झाले तर तो दोष. शैलीबद्ध प्रवेशात तेच हातवारे नेमके आणि लयीत असतील, तर तो गुण. म्हणून आधी मुलांना विचारा, "तुम्ही कोणती शैली निवडली आणि का?" मगच मार्क द्या. पालकांनीही थर्माकोलच्या महालावर खर्च करण्याआधी एकदा बाकाचा विचार करावा!

पुढच्या जत्रेला मुलांना मुद्दाम न्या. घरी आल्यावर एवढंच विचारा : बाकाचं आज काय काय झालं? उत्तर देताना मूल जे मोजेल, ते सगळं त्यानं स्वतः डोळ्यांसमोर उभं केलेलं असेल.