जली आणि खफी

मुलांनो, घरी येणारे उर्दू वर्तमानपत्र जरा उघडून पाहा. मथळा जाड अक्षरांत, मजकूर बारीक अक्षरांत. खुशनवीस मंडळी जाड कलमाला जली आणि बारीक कलमाला खफी म्हणत. १९८१ साली संगणकावर 'नूरी नस्तालीक' आले. त्यापूर्वी सारे पान कातिब हातानेच लिहीत असे.

मराठीतही असा भेद आहे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, फार सुबक म्हणून नावाजली. वाचताना लक्ष अक्षराकडे न जाता मजकुराकडे जाते, हाच त्यांचा गुण. इंग्रजी पुस्तकांत अक्षरांच्या टोकांना बारीक पाय दिसतात. लंडनच्या 'टाइम्स'साठी १९३२ साली केलेली अक्षरे तशीच होती. देवनागरीला पाय नाहीत, डोक्यावर शिरोरेषा आहे.

याउलट काही अक्षरे दुरूनच नजर वेधण्यासाठी असतात. मुंबईच्या लोकलगाड्यांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' हे अक्षरवळण तयार झाले. चार शब्दांना ते शोभते. पानभर वापरले तर डोळे थकतात.

हे मला उशिरा कळले. अमरावतीच्या आमच्या शाळेत नेत्रतपासणी शिबिर होते. फलकासाठी मीच वेलबुट्टीदार अक्षरे निवडली. सर्वांनी वाहवा केली. तारीख होती ११. पण त्या वळणात १ ची शेपटी अशी मुरडली होती की ११ चे १९ दिसत. आठवीतल्या एका मुलीने फलक वाचून अकोल्याला नानीला फोन केला. नानीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती बिचारी १९ तारखेला एसटीने आली, तेव्हा शाळेत नेहमीचे तास चालू होते. मुलगी रडू लागली. तिचे काय चुकले होते? नानी मात्र मलाच म्हणाली, "बेटा, असू दे."

पुढच्या शिबिराचा फलक मुलांनीच केला. मथळा 'यात्रा'मध्ये, बाकी मजकूर 'मुक्ता' या साध्या वळणात. तारखेपुढे वारही लिहिला. मग फलक व्हरांड्यात टांगला आणि चष्मा काढून ठेवलेल्या चपराशीचाचांना दहा पावलांवरून वाचायला सांगितले. त्यांनी तारीख बरोबर वाचली. मथळ्यातला एक शब्द मात्र अडला, तो आम्ही बदलला.