भुयाराचा स्वामी

संगणकावरील साहसखेळांत भुयारात उतरून राक्षसांचा संहार करणारा वीर हाच बहुधा नायक असे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन कीपर' या खेळाने ही मांडणी उलटी केली. इंग्लंडमधील 'बुलफ्रॉग प्रॉडक्शन्स' या संस्थेत पीटर मॉलिन्यू यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. त्याच वर्षी मॉलिन्यू संस्थेतून बाहेर पडले आणि १९९९ चा दुसरा भाग त्यांच्याविना निघाला.

या खेळात खेळणारा भुयाराचा स्वामी असतो आणि वीर आक्रमक ठरतात. स्वामीचे काम मात्र मुख्यतः कारभाराचे असते. 'इम्प' नावाचे कष्टाळू सेवक माती खणतात, सोने वाहून आणतात. राक्षसांसाठी निवारा, कोंबड्यांचे खुराडे, प्रशिक्षणशाळा व ग्रंथालय उभारावे लागते. ठरावीक काळाने वेतनही द्यावे लागते. चापट मारली की काम वेगाने होते. परंतु तिने राक्षसास इजा होते आणि तो नाराजही होतो. वेतन थकले वा अन्न संपले, तर तो अखेर भुयार सोडून जातो.

भुयाराचे 'हृदय' शत्रूने फोडले की डाव संपतो. पण त्याच्या रक्षणासाठी आधी राक्षस टिकवावे लागतात. सत्ता दुष्टाची असली, तरी आश्रितांचे पोट भरल्यावाचून ती उभी राहत नाही, हे खेळणाऱ्यास उपदेशाने नव्हे, अनुभवाने कळते.