वाऱ्यावर उफणलेले सोने

सोने शोधणे म्हटले की नदीकाठी बसून परातीत वाळू धुणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडील झारेकरीही सराफांच्या दुकानापुढील माती पाण्यानेच धुऊन तीतील सोन्याचे कण वेगळे करीत आले. परंतु जेथे नदी नाही, विहीर नाही आणि पिण्याचे पाणीही विकत घ्यावे लागते, तेथे सोने कसे शोधावे? पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डी व कॅलगूर्ली या प्रदेशांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

पार्श्वभूमी

पर्थ शहराच्या पूर्वेस सुमारे 550 किलोमीटरवर कूलगार्डी आहे. सप्टेंबर 1892 मध्ये आर्थर बेली व विल्यम फोर्ड यांना तेथे सोने सापडले. बेलीने 554 औंस, म्हणजे सुमारे 17 किलो सोने नोंदणीसाठी सदर्न क्रॉस येथे नेले आणि ही वार्ता सर्वत्र पसरली. जून 1893 मध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनागन व डॅन शे यांना आजच्या कॅलगूर्लीजवळ सोने मिळाले. हजारो माणसे तिकडे धावली. तेथे पाऊस अल्प, बारमाही नदी नाही, आणि पसरट सरोवरे आहेत ती खारट. सोने मातीत होते, पण ती माती धुण्यास पाणी नव्हते.

शास्त्रीय तत्त्व

सुगीच्या दिवसांत खळ्यावर उंच तिवईवर उभे राहून शेतकरी पाटीतून मळलेले धान्य खाली सोडतो. जड दाणा सरळ पायाशी पडतो, हलका भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. त्या वाळवंटात सोने उफणले गेले ते याच तत्त्वाने.

शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट, तर गारगोटीची सुमारे 2.65 पट असते. म्हणजे समान आकाराचा सोन्याचा कण गारगोटीच्या कणाहून सव्वासात पट जड असतो. पाण्यात दोहोंना पाण्याचा आधार मिळतो व हा फरक सुमारे अकरा पटींवर जातो. म्हणूनच धुणे ही अधिक अचूक रीत होय. वाऱ्यावर काम करणाऱ्यास त्या उणिवेची भरपाई श्रमाने व दक्षतेने करावी लागते.

प्रत्यक्ष कृती

प्रथम जागेची पारख करावी लागे. उतारावर गारगोटीचे तुकडे किंवा लोहयुक्त तांबडे दगड विखुरलेले असले, तर वरच्या बाजूस सोन्याची शीर असण्याचा संभव असतो. पावसाची सर पडून गेल्यावर धूळ धुतली जाई आणि पृष्ठभागावरील कण उन्हात चमकत. ते नुसते डोळ्यांनी वेचता येत. कोरड्या ओघळींच्या तळाशी, खडकाच्या भेगांत साठलेली माती विशेष काळजीने खरवडून काढीत.

ही माती पूर्णपणे वाळलेली असणे अत्यावश्यक होते. किंचित ओल राहिली तरी चिकणमातीचे गोळे होतात आणि सोने त्यांत अडकून वाऱ्याबरोबर फेकले जाते. ढेकळे फोडून माती चाळीत, कारण मोठा हलका खडा आणि बारीक जड कण सारख्याच वेगाने खाली येऊ शकतात. सर्व कण साधारण एकाच आकाराचे असतील तरच वारा त्यांची निवड करू शकतो.

त्यानंतर एक परात डोक्याइतकी उंच धरून तीतील माती जमिनीवरील दुसऱ्या परातीत ओतीत. धूळ उडून जाई. हे पुनःपुन्हा केल्यावर तळाशी काळी, जड रेती उरे. तीतील हलके कण तोंडाने हळूच फुंकून दूर केले जात. पुढे भाता व हलती चाळणी जोडलेली लाकडी यंत्रे आली, आणि वारा पडला तरी काम चालू लागले. मात्र धूळ तीच राहिली. दिवसभर ती श्वासावाटे फुप्फुसांत जात असे.

पाण्याचे मोल

सोने वाऱ्यावर निवडता आले, तरी तहान वाऱ्यावर भागली नाही. खारट पाणी उकळून त्याची वाफ थंड करून पिण्याचे पाणी मिळवीत. त्यासाठी भोवतालची झाडे सरपणाला गेली. अस्वच्छतेमुळे विषमज्वराने अनेकांचा बळी घेतला.

या भूमीत पाणी मुळीच नव्हते असे मात्र नाही. तेथील आदिवासी समाज खडकांतील नैसर्गिक कुंडे पिढ्यान्‌पिढ्या जपत आला होता. पाणी आटू नये, जनावरांनी नासू नये म्हणून त्यांवर दगड वा फांद्या झाकीत असे. नव्याने आलेल्यांनी ती कुंडे उपसली. डेव्हिड कार्नेगी या प्रवाशाने 1896 मधील आपल्या मोहिमेत आदिवासींना पकडून, खारवलेले मांस खाऊ घालून, तहानेने व्याकूळ करून पाण्याची ठिकाणे दाखविण्यास भाग पाडले. हे त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. पाणी व शिधा उंटांवरून वाहणाऱ्यांत बलुचिस्तान, सिंध व पंजाब येथील माणसे होती. परंतु त्या वसाहतीच्या कायद्याने आशियाई परकीयांना सोने खणण्याचा परवाना नाकारला होता.

अखेर अभियंते सी. वाय. ओकॉनर यांच्या योजनेनुसार सुमारे 530 किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकण्यात आली आणि जानेवारी 1903 मध्ये कॅलगूर्लीला पाणी पोहोचले. ते पाहण्यास ओकॉनर हयात नव्हते. मार्च 1902 मध्येच त्यांचे निधन झाले होते. तोवर पृष्ठभागावरील सोने बहुतांशी वेचले जाऊन खोल खाणींच्या कंपन्यांचे युग सुरू झाले होते.

करून पाहा

कोरडी, चाळलेली बारीक वाळू आणि लोखंडाचा कीस एकत्र करा. नाकातोंडावर रुमाल बांधून, मंद वाऱ्यात ते मिश्रण उंचावरून परातीत ओता. परातीत काय उरले ते लोहचुंबकाने तपासा. मग तीच वाळू किंचित ओली करून पुन्हा ओता. दोन्ही वेळच्या फलांतील अंतर पाहिले म्हणजे थेंबभर ओलही निवड कशी बिघडविते, ते कळेल.

समारोप

वाऱ्यावर सोने उफणण्यास चाळण, कोरडी माती आणि धीर एवढे पुरेसे होते. परंतु ज्यांच्या कुंडांतील पाण्यावर हे शोधक जगले, त्यांचा वाटा कोणत्याही परातीत उरला नाही. म्हणून या सोन्याचा हिशोब मांडताना औंसांच्या आकड्यांशेजारी त्या पाण्याचीही नोंद केली पाहिजे.