बिननावाच्या रानात जायचंय ना?

चिमे, ऑस्ट्रेलियातल्या मामुंगारीला निघालीस, ते बरंच केलंस. आईला काय सांगायचं ते मी बघते. तू आधी माझं ऐक.

1970 साली हे रान संरक्षित झालं तेव्हा त्याला कुणी नावच ठेवलं नव्हतं. नकाशावर सरळ ‘अनामिक संरक्षित उद्यान’! बारसं झालं 2006 मध्ये. आपला अख्खा अहिल्यानगर जिल्हा आत मावून उरेल एवढं रान, आणि छत्तीस वर्षं बिननावाचं. अर्थात सरकारदरबारी हं. तिथल्या माणसांकडे जागोजागची नावं होतीच.

रान त्यांचंच आहे, म्हणून परवाना आधी काढ, अगदी कित्येक आठवडे आधी. आमच्या ह्यांनी ‘वाळवंटाला कसला परवाना?’ म्हणून नाक मुरडलं होतं. अगं, 1953 मध्ये ब्रिटिशांनी एमू फील्डला अणुबाँब फोडले, ती जागा तुझ्या वाटेवरच लागते. त्या काळात तिथल्या लोकांना त्यांच्याच मुलखातून हलवलं. शेजारच्या मारालिंगाची जमीन त्यांना परत मिळाली 1984 मध्ये, हे उद्यान तर 2004 मध्ये. आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय, तर दार वाजवायला नको?

रस्त्याचं नाव ॲन बीडेल हायवे. हायवे शब्दाला भुलू नकोस. लेन बीडेलने रस्ता काढला आणि बायकोचं नाव दिलं. त्या माउलीला त्यावरून किती हादरे बसले असतील कोण जाणे. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. टायरमधली हवा कमी कर आणि ताशी वीस-तीसच्या वेगाची लाज बाळगू नकोस. कूबर पेडी गाव सोडलंस की पुढचा पेट्रोलपंप पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेपलीकडे इल्कुर्लकाला, मध्ये सातशेहून जास्त किलोमीटर. दोन स्टेपन्या हव्यातच. पाणी माणशी रोज दहा लिटर धर, तेही तीन-चार कॅनमध्ये वाटून. आमच्या एकुलत्या कॅनचा नळ हादऱ्यांनी सैल झाला आणि पाणी थेट तांदळाच्या पिशवीत गेलं. दोन दिवस पुरवून पुरवून प्यायलो.

आणि ते स्पिनिफेक्स गवत! लांबून मऊ उशीसारखं दिसतं, हात लावलास की सुया. वाळकं गवत गाडीखाली तापलेल्या सायलेन्सरपाशी अडकलं तर पेट घेतं. थांबलीस की वाकून बघ, काडीने उपसून काढ. गाडी बंद पडलीच तर तिच्यापासून हलायचं नाही, काय वाटेल ते होवो. मोबाईलला रेंज नाही, सॅटेलाइट फोन भाड्याने घे.

जुलैत जा. रात्री पाणी गोठेल एवढी थंडी असते, गोधडी घे. वाळवंट म्हणून बोडकं असेल असं समजू नकोस, लाल टेकड्यांमध्ये पांढऱ्या खोडांची झाडं उभी असतात. तिथे दोन रात्री राहा, घाई करू नकोस.

शेंगदाण्याची चटणी मात्र काचेच्या बाटलीत नको. माझ्या स्लीपिंग बॅगच्या शिवणीत ती अजून सापडते.