पैसा आटला की हिशेब सैल होतो

ऑडिटला पहिल्यांदाच निघाली आहेस ना पोरी, मग एवढं ऐकून जा. कंपनी अडचणीत आलीय हे बँकेतल्या शिलकीच्या आधी हिशेबाच्या सवयींवरून कळतं.

सावध हिशेबाची रीत जुनी आहे. होणारा तोटा आजच धरायचा, नफा मात्र पक्का होईपर्यंत धरायचा नाही. माल खरेदीच्या भावाने की विकून येईल त्या भावाने? जो कमी असेल त्याने. कर्ज देणाऱ्याला हेच हवं असतं. कंपनी भरभराटीला आली तरी त्याला व्याजापलीकडे काही मिळत नाही, बुडाली तर मुद्दल जातं. म्हणजे कर्ज जितकं जास्त, तितका हिशेब सावध हवा. होतं बऱ्याचदा उलटं.

का, ते स्टॉक स्टेटमेंट हातात घेतलंस की समजेल. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेतून उचलता येणारी रक्कम, दर महिन्याला माल आणि येणी यांवर निघते, आणि ९० दिवसांपुढची येणी बँक सहसा धरत नाही. एखादं गिऱ्हाईक बुडालंय हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. पण ते बुडीत दाखवलं तर ड्रॉइंग पॉवर घटते आणि पगार अडतात. मग जुनं बिल रद्द करून तेच नव्या तारखेने फाडलं जातं. म्हणून येण्यांची वयवार यादी दिली तशी घेऊ नकोस. डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, गाडीचा नंबर मागव. बिल मार्चचं आणि गाडी आदल्या ऑगस्टची निघाली, तर चहा घ्यायच्या आधी सिनियरला फोन कर.

घसारा कमी दिसावा म्हणून यंत्रांचं आयुष्यही वाढवलं जातं; ते यंदाच कसं वाढलं, तेही विचार. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनमध्ये दिलंय त्याहून वेगळं आयुष्य धरता येतं, पण तांत्रिक आधार लागतो. तो कागद बघितल्याशिवाय घसाऱ्यावर टिक करू नकोस.

कंपनी बुडण्याचा धोका मोजणारा ऑल्टमन यांचा १९६८ चा झेड-स्कोअर जरूर काढ. १.८१ च्या खाली आला तर धोका. वर आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण तो निघतो याच आकड्यांतून; घसारा कमी केला की स्कोअरही सुधारतो.

आणि अती सावधपणालाही भुलू नकोस. नवे संचालक आले की पहिल्याच वर्षी दिसेल ते बुडीत धरतात. शिव्या जुन्यांना बसतात. पुढे तीच प्रोव्हिजन परत लिहून नफा दाखवतात आणि वर पेढे वाटतात. तेव्हा नोट्समधला प्रोव्हिजनचा तक्ता काढ: सुरुवातीची बाकी, भर, वापर, परत लिहिलेली रक्कम. ही शेवटची रक्कम नफ्यातून वजा कर आणि मग ठरव, कंपनी खरंच सावरलीय का.