दारातली रांगोळी: काय करावे, काय टाळावे

दिवाळी आली की रंगांच्या पुड्यांवर झुंबड उडते, पण रांगोळी उभी राहते ती पांढऱ्या रेघेवर. रेघ नीट आली तर रंग नसले तरी दार सजते. ती फिसकटली तर दहा रंग ओतूनही झाकत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या रेघेच्या बाजूने आहेत.

काय करावे

आधी जमीन पाहावी. शेणाने सारवलेले अंगण पूड धरून ठेवते, गुळगुळीत फरशीवर ती घरंगळते. फरशी असेल तर गेरूचा हात द्यावा. गेरू पाण्यात पातळ कालवून फडक्याने एकसारखा लावावा आणि पुरता वाळू द्यावा. घाई केली तर पांढरी पूड ओल ओढून घेते आणि रेघ मळकी दिसते. पंखा बंद करावा, हे सांगायला नको. पण घरातले कोणीतरी येऊन तो सुरू करतेच.

पूड जाडसर घ्यावी. बोटांना पिठासारखी लागणारी पूड रेघेला नको. ती चिमटीत चिकटून बसते आणि मग एकदम सुटते. पावसाळ्यात सादळलेली पूड उन्हात वाळवून चाळून घ्यावी. बाजारात मिळते ती पांढरी रांगोळी म्हणजे दगडाची पूड. पूर्वी शिरगोळे कुटून ती घरीच करत, तर कोकणात भाताची फोलपटे जाळून त्यांची पांढरी राख वापरत. रांगोळीने मुंग्यांना चारा मिळतो, असे मुलांना सांगायचे असेल तर तांदळाचे पीठ घ्यावे. दगड मुंगीही खात नाही.

चिमूट सांभाळावी. अंगठा आणि तर्जनी काम करतात, मधले बोट आधाराला. हात जमिनीपासून दोनेक बोटे वर असावा. पूड सोडताना बोटे हलकी चोळावीत, पण हात चालता राहावा. तो थांबला की तिथे ढीग पडतो. चिमूट रिकामी होण्याआधीच हात उचलावा आणि नवी चिमूट जरा मागून सुरू करावी, म्हणजे सांधा दिसत नाही. शिकणाऱ्याने पहिले काही दिवस फक्त आडवी रेघ, अर्धगोल आणि पाकळी काढावी. कंटाळवाणे आहे, पण याला दुसरी वाट नाही. संस्कार भारतीच्या पद्धतीत पाचही बोटांतून पूड सोडून जाड, सलग वळणे काढतात. ती मोठ्या चौकाला शोभते, आणि चिमटीची रेघ हाती असलेल्यालाच लवकर जमते.

ठिपक्यांचा हिशेब आधी करावा. ‘15 ते 8’ म्हणजे मधली ओळ 15 ठिपक्यांची, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत 8 पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. एकूण 169 ठिपके होतात. पहिल्याच ओळीत अंतर चुकले तर शेवटची पाकळी लुळी पडते, आणि ते कळते तेव्हा पाठ दुखायला लागलेली असते. उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. आज्याही वापरत.

मधून सुरुवात करून मागे सरकत जावे. पदर, ओढणी, पायजम्याची नाडी आधी खोचून घ्यावी.

महिना विचारून आकृती निवडावी. रांगोळीचे खरे भांडार इथे आहे, आणि आपण बाराही महिने तेच कमळ गिरवत बसतो. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण काढतात. त्यात पाळण्यातली गौर, तिच्याभोवती शंख, चक्र, गदा, सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, कासव, नाग, मोर, हत्ती, फणी, करंडा, आरसा. घरातल्या बाईचे सगळे जग हातभर जागेत मांडलेले. यातला हत्ती पाय मोडका निघाला तरी चालतो. गौर आणि तिचा पाळणा मात्र हवाच. चातुर्मासात गोपद्मे, व्रत असेल तर 33. नागपंचमीला नाग. रथसप्तमीला सूर्याचा रथ, आणि तिथे घोडे सातच. पाचावर कंटाळा आला म्हणून थांबू नये. एका वर्षात एवढे केले तरी पुस्तकातल्या शंभर नक्षींपेक्षा हात जास्त तयार होतो.

गौरीची पावले आत येणारी काढावीत. दारापासून गौर बसणार तिथपर्यंत, आणि एक डावे, एक उजवे. तयार ठसा एकाच पायाचा असेल तर गौर लंगडी घालत येते.

काय टाळावे

चिकटवायची प्लॅस्टिकची रांगोळी. वेळ नसेल तर उंबऱ्याबाहेर चार रेघांचे स्वस्तिक काढावे. त्याला स्टिकरचे कागद सोलण्याइतकाच वेळ लागतो. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यांना मात्र या कलमातून सूट. त्यांनी पाट उंचावर ठेवून त्यावर रांगोळी काढली तर अधिक चांगले.

रंगांची गर्दी. हळद, कुंकू आणि थोडी नीळ रोजच्याला पुरते. सणाला विकतचे रंग भरायचे असतील तर त्यांत पांढरी रांगोळी मिसळून घ्यावी, म्हणजे ते सुटे पडतात आणि डोळ्यांत खुपत नाहीत. रंग भरून झाल्यावर पांढरी रेघ पुन्हा एकदा फिरवावी.

दारात माणसांचे चेहरे. गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी रांगोळीतल्या व्यक्तिचित्राला मोठी प्रतिष्ठा दिली. ती रंगछटांची वेगळी साधना आहे, आणि तिला बंद दालन लागते. जिथे दूधवाला आणि पेपरवाला पाय ठेवणार, तिथे थोर पुरुषांना निजवू नये. देवांच्या मूर्तींनाही हेच लागू.

भिंतीवर वारलींचा देवचौक उतरवणे. पांढरी रेघ दिसली की आपण वारली चित्रांनाही भिंतीवरची रांगोळी समजतो. वारली आदिवासींच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने. त्या चौकात पालघाट देवी असते, आणि तो लग्नापुरताच असतो. जिव्या सोमा म्हशे यांनी ही रेघ कागदावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिवाणखान्यात तारप्याभोवतीचा नाच, शेत, झाडे, बैल खुशाल रंगवावेत, आणि जमल्यास ते वारली चित्रकाराला मोबदला देऊन त्याच्याकडूनच करून घ्यावेत. देवचौक सोफ्यामागच्या शोभेसाठी नाही.

येण्याजाण्याची वाट अडवणे. फरशीवरची सुटी पूड पायाखाली घसरते. जिन्याच्या तोंडाशी आणि लिफ्टसमोर मोठी रांगोळी नको. घरात म्हातारे माणूस असेल तर दाराच्या एका बाजूलाच काढावी.

प्रसंग न पाहता रेघ ओढणे. सुतकात दारात रांगोळी नसते, आणि तेवढ्यावरून गल्लीला काय ते समजते. पंगतीत पानाभोवती महिरप काढतात. श्राद्धाच्या पानाभोवती भस्माची रेघ.

पाणी ओतून धुणे. दगडाची पूड मोरीत जाऊन तळाशी बसते, आणि मग प्लंबरला दक्षिणा द्यावी लागते. आधी कोरडी झाडून भरून घ्यावी. रंग मिसळून करडी झालेली पूड पुढच्या वेळी खालच्या भरावाला चालते.

दुसऱ्याच्या रांगोळीत बोट घालणे. पाकळी वाकडी दिसली तरी गप्प राहावे. गौरीच्या दिवशी आणि रांगोळी जाऊबाईंची असेल, तर तिच्याकडे पाहून नुसते ‘छान’ म्हणावे.