दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील तिसरी मिती

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवू पाहिल्यास तो बहुधा नेढ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. दोन्ही डोळे उघडताच तेच काम सोपे होते. माणसाचे डोळे एकमेकांपासून सुमारे ६ सेंटिमीटर अंतरावर असल्याने प्रत्येकाला वस्तू किंचित वेगळी दिसते. मेंदू या दोन चित्रांचा मेळ घालतो व त्यातून खोली उमगते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. शल्यचिकित्सकाच्या सुईलाही हाच नियम लागू पडतो.

लहान छिद्र, सपाट चित्र

‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हे शब्द कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे खेडोपाडी परिचित आहेत. या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून अर्धा ते एक सेंटिमीटरच्या छिद्रांतून दुर्बीण व लांब, बारीक हत्यारे आत घालण्यात येतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी १९९० साली या पद्धतीने पित्ताशय काढले आणि भारतात तिचा पाया घातला. जखम लहान असल्याने वेदना कमी होतात व रुग्ण लवकर कामावर परततो. आदिलाबाद जिल्ह्यात कापूस वेचणीच्या हंगामातील एकेका दिवसाचे मोल मजूर कुटुंबच जाणते.

परंतु साध्या दुर्बिणीचे चित्र पडद्यावर सपाट उमटते. सावली, आकार व हालचाल यांवरून शल्यचिकित्सकास खोली ताडावी लागते. आत टाका घालताना व गाठ मारताना ही अडचण विशेष जाणवते.

दोन डोळ्यांची दुर्बीण

त्रिमितीय दुर्बीण एकाच दृश्याची दोन किंचित वेगळी चित्रे टिपते. ती दोन्ही एका पडद्यावर दाखविण्यात येतात. विशिष्ट चष्म्यामुळे डाव्या डोळ्यास डावे व उजव्या डोळ्यास उजवे चित्र तेवढे दिसते आणि हरवलेली खोली परत मिळते. टाके घालण्यासारख्या कामात त्यामुळे वेळ वाचतो व चुका कमी होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. नवशिक्यांना तिचा लाभ अधिक होतो. मात्र हे साधन महाग आहे. काहींचे डोळे शिणतात, डोके दुखते. शिवाय यंत्र खोली दाखवील. हात मात्र सरावानेच तयार होतो.

रुग्णांनी ध्यानात ठेवावे

आदिलाबाद येथे २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था कार्यरत आहे. उजव्या बरगडीखाली तीव्र वेदना, ताप किंवा कावीळ असल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता रुग्णालय गाठावे. छिद्र लहान म्हणजे शस्त्रक्रिया लहान, असे नव्हे. भूल द्यावीच लागते. प्रसंगी पोट उघडण्याचा निर्णयही घ्यावा लागतो. ते अपयश नसून दक्षता होय. घरी परतल्यावर ताप, वाढती पोटदुखी किंवा वारंवार उलट्या झाल्यास त्वरित रुग्णालयात जावे. बाहेरची जखम बोटाच्या पेराएवढी असली, तरी आतील जखम भरण्यास अवधी लागतो. वैद्य सांगतील तोपर्यंत जड ओझे उचलू नये.